खुब्याचे हाड

आपण बसतो, उठतो, जिना चढतो, ते खुब्याच्या सांध्याच्या जोरावर. हा सांधा कसा असतो? घरातले उखळ डोळ्यांपुढे आणा. तशीच एक खोलगट वाटी कमरेच्या हाडात असते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते त्या वाटीत बसून फिरते. म्हणून याला उखळीचा सांधा म्हणतात. गोल टोकाखाली हाडाची मान असते. म्हातारपणी हाड ठिसूळ होते, तेव्हा पुष्कळदा ही मानच मोडते.

समजा, भाईंदरला केबिन रोडवरच्या एका घरात आजी पहाटे मोरीत घसरून पडली. तिला उठता येत नाही. जांघेत कळ येते. एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळलेले असते. शेजारी जमतात. कोणी म्हणते, "लचक भरली असेल." कोणी तेल कोमट करून आणते. कोणी म्हणते, "जरा चालवून तर बघा." माणसे मायेची खरी, पण चोळू नका आणि चालवूही नका. त्याने मोडलेली टोके आणखी सरकतात. सूज दिसत नाही म्हणून हाड शाबूत आहे असे समजू नका. सांधा फार खोल असतो. हाडवैद्याचा हात कितीही कसबी असो, आतले हाड त्याला दिसत नाही. एक्स-रे काढावाच लागतो.

मग करायचे काय? आजीला आहे तिथेच निजवा. अंगावर पांघरूण घाला. दोन्ही पायांमध्ये घडी केलेली चादर ठेवा. 108 नंबरला फोन करा. ही गाडी फुकट येते. गाडीला उशीर असेल तर दुखरा पाय चांगल्या पायाला रुंद फडक्यांनी बांधा. फार आवळू नका. दुखऱ्या जागेवर गाठ नको. चहापाणी देऊ नका, कारण ऑपरेशन करावे लागेल. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागतात.

"आता या वयात ऑपरेशन कशाला? पडून राहू दे," असे घरचे म्हणतात. आमच्या मते ही समजूत हाड मोडण्याहून वाईट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होतात. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यातच माणूस जातो. म्हणून डॉक्टर शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करतात. हाड स्क्रूने जोडतात, नाहीतर गोल टोक बदलतात. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली या डॉक्टरांनी 1962 साली सबंध सांधा बदलण्याची भरवशाची रीत बसवली. आता पुष्कळांना दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करतात.

तरण्या माणसाची मांडी मधोमध मोडते ती मोठ्या मारानेच. धावत्या लोकलमधून उतरताना, रूळ ओलांडताना, मोटारसायकलवर. बाहेर थेंबही दिसत नाही, पण आतल्या आत एक-दीड लिटर रक्त जाते. घाम सुटतो, हातपाय गार पडतात. अशा वेळी क्षणाचाही उशीर नको.

कबड्डीत मांडीला नुसता मुका मार बसला, तर फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे धरा. दोन-तीन दिवस विश्रांती घ्या. तेथेही चोळणे नकोच. चोळल्याने कधी कधी मांसात हाड धरते!

पडणे टाळता येते काय? पुष्कळदा येते. मोरीतले शेवाळ घासून काढा. भिंतीला धरायला दांडा बसवा. रात्री मोरीच्या वाटेवर दिवा असू द्या. दारातले गोणपाट पायात अडकते, ते उचला. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. नाचणी, दूध, तीळ, काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी, यांनी हाडाला बळ मिळते. थोडे ऊन अंगावर घ्या. तंबाखू हाडही पोखरते, ती सोडा. आणि रोज भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात न टेकता, दहा वेळा उठा-बसा. सुरुवातीला हात टेकावे लागले तरी चालेल.