५५ सेकंदांचा धडा



घटक चाचणीचे पेपर वाटले की शाळा सुटताना गेटवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "पहिलं कोण आलं?" परळच्या आमच्या शाळेत चौथीतला एक मुलगा एका गुणाने दुसरा आला. तो आईला पेपर दाखवायलाच तयार होईना. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी फळ्यावर सायकल शर्यत मांडली.

सुरुवात आपल्या मुंबई-पुणे शर्यतीने केली. खोपोली सोडली की बोरघाटाचा चढ लागतो. तो सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा वेगळा किताब मिळतो. पुण्यात पहिलं कोणीही येवो, घाटातल्या मेहनतीची नोंद होतेच.

मग फ्रान्सची 'टूर द फ्रान्स' घेतली. ही शर्यत साधारण तीन आठवडे चालते. रोजच्या वेळेची बेरीज होत जाते आणि ज्याची एकूण वेळ सर्वांत कमी, त्याला पिवळी जर्सी मिळते. रेमों पुलिदोर हा फ्रान्सचा लाडका सायकलपटू. १९६० ते १९७७ अशी त्याची व्यावसायिक कारकीर्द. टूरमध्ये तो तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला. पिवळी जर्सी मात्र त्याच्या अंगावर एक दिवसही चढली नाही.

१९६४ साली जाक आंकेतिल १२७ तास ९ मिनिटे ४४ सेकंदांत जिंकला. पुलिदोर फक्त ५५ सेकंदांनी मागे होता. मुलांनी तासांचे सेकंद केले: ४,५७,७८४. पुढचा भागाकार मी करून दाखवला. १०० गुणांच्या पेपरात हा फरक ०.०१२ गुणांचा, म्हणजे एका गुणाचे ८३ भाग केले तर त्यातला एक!

"पण सर, ५५ सेकंद गेले कुठे?" एकीने विचारलं. मला हाच प्रश्न हवा होता. त्याच टूरमध्ये मोनॅकोला पुलिदोरने शेवट आला असं समजून एक फेरी आधीच जोर लावला. तो टप्पा आंकेतिलने जिंकला आणि त्याला एका मिनिटाची सूट मिळाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे त्याने प्रश्न पूर्ण वाचलाच नाही!"

वर्ग हसला. आमच्या त्या मुलाने मात्र हळूच पेपर बाहेर काढला. 'किती उरले?' विचारलं होतं आणि त्याने 'किती खर्च झाले?' ते लिहिलं होतं.

हरल्याचं वाईट वाटणारच, ते नाकारू नये. पण पुलिदोर तिथे थांबला नाही. १९७६ साली, वयाच्या ४० व्या वर्षी, तो पुन्हा टूरमध्ये तिसरा आला.

म्हणून पालकांना एकच विनंती. "कितवा आलास?" च्या आधी "हा गुण कुठे गेला, बघू या का?" असं विचारा. आणि शिक्षकांनो, पेपरातलं सगळ्यात अवघड गणित सोडवणाऱ्याला वर्गात 'घाटाचा राजा' किंवा 'घाटाची राणी' म्हणा. क्रमांक काहीही असो, ते मूल पेपर लपवणार नाही.