विद्यापीठांना मिळालेली सवलत

संगणक विकत घेतला म्हणजे सर्व काही हाती आले असे नव्हे. त्याच्याकडून काम करवून घेणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, ही निराळी वस्तू असून तिची किंमत पुष्कळदा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर असते. म्हणून विद्यार्थ्यांना ती विनामूल्य वा अल्प दरात देण्याची पद्धत रूढ झाली आहे. अशा सवलतीतून काय निष्पन्न होते हे समजून घेण्यास युनिक्सचे उदाहरण उपयोगी पडेल.

युनिक्सचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. प्रयोगशाळेची मालकी असलेल्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीला, मक्तेदारीविरोधी खटल्यात १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे, दूरसंचाराखेरीज अन्य व्यवसाय करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स बाजारात मांडणे तिला शक्य नव्हते. विद्यापीठांना मात्र ती नाममात्र शुल्कात मिळू लागली. सोबत मूळ आज्ञालेखही मिळे, परंतु दुरुस्तीची वा साहाय्याची हमी नसे. ही उणीवच पुढे गुण ठरली. मदतीस कोणी नसल्याने प्राध्यापक व विद्यार्थी स्वतःच दोष शोधू लागले आणि आपल्या दुरुस्त्या चुंबकीय फितींवरून एकमेकांस पाठवू लागले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी तर सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे ९,००० ओळी विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि जुन्या ग्रंथावर टीका लिहावी त्याप्रमाणे त्यांवर भाष्य लिहिले.

परंतु दात्याचा हात आखडण्यास वेळ लागत नाही. १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ लेख वर्गात शिकविण्यास बंदी घातली. लायन्स यांच्या भाष्याच्या छायाप्रती तेवढ्या हातोहात फिरत राहिल्या. उघडपणे ते पुस्तकरूपाने छापले गेले ते १९९६ मध्ये! ॲम्स्टरडॅम येथील अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी निराळा मार्ग पत्करला. युनिक्सचा मूळ लेख न वापरता त्यांनी तिच्यासारखीच मिनिक्स ही लहान प्रणाली खास अध्यापनासाठी रचली व १९८७ साली पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. हीच मिनिक्स वापरीत असता हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला.

आजच्या सवलती बहुधा मूळ लेख देत नाहीत. त्या विद्यार्थीपणाचा पुरावा मागतात, व्यावसायिक वापरास मनाई करतात आणि शिक्षणाबरोबर संपतात. हाताला लागलेले वळण मात्र संपत नाही. नोकरीत तोच विद्यार्थी त्याच आज्ञावलीची मागणी करतो, आणि ती पूर्ण किमतीने घ्यावी लागते. कंपनीचा हिशेब येथे चुकत नाही असे म्हणावयास हरकत नाही. यास्तव सवलत स्वीकारण्यापूर्वी तिची मुदत पाहावी, आणि आपले काम अन्य प्रणालीत उघडता येईल अशा स्वरूपात जतन करता येते की नाही, हेही पाहावे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने मुक्त आज्ञावलींवर भर दिला आहे. पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे त्याने विद्यार्थ्यांकडून सायलॅब या विनामूल्य प्रणालीत लिहवून घेतली व ती सर्वांस खुली केली.