पाटी पुसली जाते, वही राहते : कॉम्प्युटरचे शब्द समजून घेऊ

तायांनो, गटाचे हिशेब आता वहीबरोबर कॉम्प्युटरवरही ठेवले जातात. तिथं बसणारी बहुतेक कुणाची तरी लेक नाहीतर सून असते. २००१ पासून महाराष्ट्रात सुरू असलेला एमएस-सीआयटीचा कोर्स खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलींनी केलाय. पण बचत आपल्या सगळ्यांची आहे. म्हणून कॉम्प्युटरचे चार शब्द प्रत्येकीला ठाऊक पाहिजेत.

यंत्राचे भाग

टीव्हीसारखा दिसतो तो मॉनिटर. तो फक्त दाखवतो. खरं काम शेजारच्या डब्यात चालतं. त्या डब्यालाच आपण सीपीयू म्हणतो, पण खरा सीपीयू म्हणजे आतली छोटी चिप, प्रोसेसर. बेरीज-वजाबाकी तीच करते. कीबोर्ड, माऊस आणि स्कॅनर माहिती आत घालतात. मॉनिटर, प्रिंटर आणि स्पीकर ती बाहेर देतात.

रॅम आणि हार्ड डिस्क

सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. बैठकीत आपण आधी पाटीवर आकडेमोड करतो, मग खातेवहीत उतरवतो. रॅम म्हणजे ती पाटी आणि हार्ड डिस्क म्हणजे खातेवही. टाईप केलेलं आधी रॅममध्ये असतं. 'सेव्ह' केलं की ते हार्ड डिस्कवर जातं. सेव्ह करायच्या आत लाईट गेली तर पाटी पुसली! म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस ही दोन बटणं एकत्र दाबायची. यूपीएस असेल तर लाईट गेल्यावरही थोडा वेळ मिळतो. तेवढ्यात सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा.

वही भिजते, तशी हार्ड डिस्कही बिघडते. म्हणून महिन्याच्या हिशेबाची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो कॉम्प्युटरजवळ न ठेवता दुसऱ्या घरी ठेवा.

मल्टिमीडिया म्हणजे काय?

अक्षरं, फोटो, आवाज आणि व्हिडिओ एकत्र आले की मल्टिमीडिया. फाईलच्या नावाच्या शेवटी जेपीजी असेल तर फोटो, एमपी३ असेल तर आवाज, एमपी४ असेल तर बहुतेक व्हिडिओ.

जागा मोजायची मापं अशी : १०२४ बाईटचा एक केबी, १०२४ केबीचा एक एमबी, १०२४ एमबीचा एक जीबी. हिशेबाचं एक पान काही केबीत मावतं. मोबाईलचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरा, आणि एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ १०० एमबीचा. म्हणजे १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये चार हजारांच्या आसपास फोटो मावतील, पण व्हिडिओ मात्र अडीच-पावणेतीन तासांचाच. आपल्या अर्धापूरच्या हळदीची नाहीतर केळीच्या वेफर्सची जाहिरात गिऱ्हाइकाला पाठवायची असेल, तर दोन-तीन स्वच्छ फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुरे. जड फाईल समोरची बाई उघडतच नाही.

विकत घेताना

"मेमरी ५०० जीबी आहे," असं दुकानदार म्हणाला तर विचारा, "भाऊ, ती हार्ड डिस्कची झाली. रॅम किती?" रॅम कमी असली की कॉम्प्युटर रखडत चालतो, मग हार्ड डिस्क कितीही मोठी असो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आहे का, तेही विचारा. एसएसडी महाग पडते, पण कॉम्प्युटर लवकर सुरू होतो.

जुना कॉम्प्युटर घेताना तर नुसत्या बोलण्यावर जाऊ नका. विंडोज असेल तर 'धिस पीसी'वर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'प्रॉपर्टीज' उघडा. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ते तिथं लिहिलेलं असतं. पक्की पावती घ्या आणि वॉरंटी किती महिन्यांची ते त्यावर लिहून घ्या.

पुढच्या बैठकीत

सचिवताईंना तीन प्रश्न विचारा : आपला हिशेब कोणत्या फाईलमध्ये आहे? दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे? ती शेवटची कधी घेतली? उत्तरं इतिवृत्तात लिहून ठेवा.