वरचे दूध सुरू करण्यापूर्वी

बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की अनेक घरांत कुजबुज सुरू होते : आईचे दूध पुरत नाही बहुधा. शेजारचे डब्याच्या दुधावरील मूल गुबगुबीत, आपले मात्र सडपातळ. मग वरचे दूध सुरू होते. वाचक बंधू-भगिनींनो, असा निर्णय घेण्यापूर्वी बाळाची वाढ कशी होते आणि दूध तोडण्याविषयी दिव्य कुरआनचे मार्गदर्शन काय आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

वासरू साधारण दीड महिन्यात जन्मवेळच्या वजनाच्या दुप्पट होते. मानवी बाळाला त्यासाठी चार-पाच महिने लागतात. निर्माणकर्त्याने दोघांच्या दुधाची घडणही त्यानुसार केली आहे. गाईच्या दुधात प्रथिने तीन टक्क्यांहून अधिक, तर आईच्या दुधात जेमतेम एक टक्का. ही उणीव नव्हे. आपल्या बाळाचे शरीर सावकाश वाढते, मेंदू मात्र पहिल्या वर्षी झपाट्याने वाढतो; आणि आईच्या दुधात दुग्धशर्करा सुमारे ७ टक्के, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असते. प्रसूतीनंतरचे पिवळसर चिकाचे दूध थोडेच येते, परंतु रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये त्यात विपुल असतात. ते पिळून फेकण्याची चाल अजून काही घरांत आहे, ही खेदाची गोष्ट होय.

आता वजनाकडे वळू. आईच्या दुधावरील बाळ पहिले दोन-तीन महिने चांगले भरते. त्यानंतर त्याच्या वजनवाढीचा वेग डब्याच्या दुधावरील बाळापेक्षा मंदावतो. हे स्वाभाविक आहे. पण १९७७ साली अमेरिकेत तयार झालेले आणि पुढे जगभर वापरले गेलेले तक्ते मुख्यतः बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांच्या मापांवर बेतलेले होते. त्या मापाने निरोगी बाळही मागे पडलेले दिसे. अखेर जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८,५०० मुलांची मापे घेऊन २००६ मध्ये नवी मानके दिली. त्यांत स्तनपान हाच वाढीचा आदर्श मानला गेला. आपल्या अंगणवाडीतील तक्ता याच मानकांचा आहे. शेजारच्या मुलाऐवजी त्या तक्त्याशी तुलना करावी.

बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल, तरतरीत असेल आणि वजनाची रेषा वर चढत असेल, तर दूध पुरते आहे. वजन थांबले वा घटले, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. विनाकारण दिलेल्या बाटलीने बाळ कमी चोखते, कमी चोखल्याने दूध कमी तयार होते, आणि घरातली शंका अशी आपोआप खरी ठरते!

सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. त्याआधी दूध तोडायचे असल्यास त्यासाठी माता-पित्याची परस्पर संमती आणि सल्लामसलत आवश्यक ठरवली आहे. शेजारीण वा दुकानदार यांचा तेथे उल्लेख नाही. लक्षात घ्या, ही आयत तलाकच्या आदेशांच्या ओघात आली आहे. म्हणजे विभक्त झालेल्या पतीवरही बाळाला पाजणाऱ्या मातेच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी आहे. मग नांदत्या घरात ती किती मोठी असेल! पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक लागतात. तरीही सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेले तिच्या ताटात पडते, आणि दोष तिच्या दुधाला दिला जातो.

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला मऊ खिचडी, डाळ-भात, अंडे असे पूरक अन्न द्यावे. स्तनपानही सुरू ठेवावे, मात्र केवळ दुधातून त्याला पुरेसे लोह मिळत नाही. रमजानमध्ये स्वतःच्या वा बाळाच्या प्रकृतीची भीती असल्यास पाजणाऱ्या मातेला रोजा न ठेवण्याची सवलत आहे. ती घेणाऱ्या सुनेला घरात कोणी टोमणा मारू नये.