यात्रेकरूची पिशवी



२०२७ साली प्रेषित संत याकोबाचा सण, म्हणजे २५ जुलै, रविवारी येतो. म्हणून स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे ते वर्ष पवित्र वर्ष म्हणून पाळले जाईल. आपल्यातील काही जण त्या पदयात्रेचा विचार करीत आहेत. यात्रेच्या प्रमाणपत्रासाठी निदान १०० किलोमीटर पायी चालावे लागते. बरेच जण गलिसिया प्रांतातील सारिया गावापासून निघतात आणि पाच-सहा दिवसांत पोहोचतात. या प्रांतात उन्हाळ्यातही पाऊस येतो.

'आम्हा वसईकरांना पावसाचे काय?' असे कोणी म्हणेल. पण आपला पाऊस उबदार, तिथला गार. सुती कापड पाणी धरून ठेवते, लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेते. त्यात वारा सुटला की हुडहुडी भरते. थकलेल्या, वयस्क माणसाच्या ते जिवावरही बेतू शकते. म्हणून जीन्स आणि सुती बनियन घरीच ठेवावेत. पॉलिस्टरचे किंवा बारीक लोकरीचे हलके कपडे घ्यावेत.

स्कूटरवरचा जाड रेनकोटही नको. त्यातून पाणी आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही. चढावर माणूस आतूनच भिजतो. काखेत हवेसाठी चेन असलेले हलके जाकीट घ्यावे, किंवा पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकणारा पाँचो घ्यावा. पाँचोत हवा खेळते, मात्र वाऱ्यात तो फडफडतो. दोहोंपैकी एकच पुरे. पिशवीच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून रात्रीचे कोरडे कपडे व मोजे त्यात बांधावेत, कारण बाहेरच्या आवरणातून पाणी झिरपतेच.

पिशवीचे ओझे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे, असा यात्रेकरूंचा प्रघात आहे. ६० किलोच्या माणसाला ६ किलो. त्यातले एक किलो तर लिटरभर पाण्याचेच!

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू बारा शिष्यांना वाटेला लावतो. काठी आणि वहाणा घेण्याची तो मुभा देतो. भाकरी, झोळी, पैसे आणि दुसरा अंगरखा मात्र नको म्हणतो. चालण्यासाठी जे लागते त्याला प्रभूची ना नाही. 'लागले तर असू दे' म्हणून जे घेतो, ते बहुधा आपले भय असते. संत थॉमस अक्विनस ज्याला विवेक म्हणतात, तो सद्गुण साध्य ओळखून त्याला योग्य साधन निवडायला शिकवतो. पावसाचे जाकीट टाकून जाणे ही श्रद्धा नव्हे, आणि तीन स्वेटर भरणे हा विवेक नव्हे. एक जोड अंगावर, एक पिशवीत. रोज मुक्कामी धुवावा. त्याउपर काही कमी पडले तर सोबतच्या यात्रेकरूकडे मागावे. मागायला लागणे हाही यात्रेचाच भाग आहे.

आमची सूचना : येत्या पावसाळ्यात भरलेली पिशवी पाठीवर घेऊन दोन तास भर पावसात चाला. घरी येताच पिशवी उघडून पाहा.

विचारासाठी :
१. काय भिजले, आणि काय उघडावेही लागले नाही?
२. न उघडलेली वस्तू कोणत्या भीतीपोटी घेतली होती?