हसता हसता गुडघे का लुळे पडतात?

प्रश्न : माझा भाचा अकरावीत आहे. रात्री आठ तास झोपूनही तो वर्गात, अगदी जेवतानाही पेंगतो. त्यात भर म्हणजे खदखदून हसला की त्याचे गुडघे लुळे पडतात. डॉक्टरांना नार्कोलेप्सीची शंका आहे. हा नेमका काय आजार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गुडघ्यांचं आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत. दिवसा पेंग येण्याची कारणं पुष्कळ असतात. पण पूर्ण शुद्धीत, हसू आल्याबरोबर गुडघे वाकणं, जबडा सैल पडणं हे बहुतेक याच आजारात दिसतं. अशा लुळं पडण्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो. म्हणून स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातच राहतो. ही झोप एरवी डोळा लागल्यावर तास-दीड तासाने येते. नार्कोलेप्सीत ती पंधरा मिनिटांच्या आतच येऊ शकते आणि तिचे तुकडे जागेपणीही घुसतात. लुळे पडणारे गुडघे हा त्यातलाच प्रकार. झोप लागताना खोलीत कोणी उभं दिसणं, जाग येऊनही हातपाय न हलणं, हेही त्यातलेच. भाच्याला याबद्दल मायेने विचारा. घरचे भुताखेताचं समजतील म्हणून मुलं सांगत नाहीत.

जाग टिकवणारं ओरेक्सिन हे रसायन 1998 मध्ये सापडलं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना आवडता खाऊ दिसताच आनंदाने कोसळणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांत या रसायनाला प्रतिसाद देणारं जनुक बिघडलेलं आढळलं. माणसांत मात्र, कॅटाप्लेक्सी असेल तर, ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. बहुधा शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटते. अशा मुलाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. ‘लवकर झोपत जा’ या सल्ल्यानेही भागत नाही, कारण या रुग्णांची रात्रीची झोपही तुटक असते.

निदानासाठी रात्रभर झोप तपासतात आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकी घ्यायला लावून झोप किती मिनिटांत लागते ते मोजतात. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण मोडाफिनिलसारख्या गोळ्यांनी आणि ठरल्या वेळच्या पंधरा-वीस मिनिटांच्या डुलकीने दिवस बराच सावरतो. निदान झाल्यावर कॉलेजला डॉक्टरांचं पत्र देऊन त्या डुलकीची सोय करून घ्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी आणि एकट्याने पोहणं मात्र बंद.