रिकाम्या कार्ट्रिजचे काय करावे?

आपल्या अनेक दवाखान्यांतून आता औषधपत्र, देयक आणि तपासणीचा अहवाल छापूनच दिला जातो. साहजिकच प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज हा आपल्या व्यवसायाचा नित्याचा कचरा झाला आहे. पिवळ्या, लाल पिशव्यांची शिस्त आपण अंगी बाणवली. परंतु कार्ट्रिज त्यांपैकी कोणत्याही पिशवीत टाकावयाचे नसते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतून ई-कचरा वगळलेला आहे, तर ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजचाही स्पष्ट उल्लेख आहे.

लेझर प्रिंटरमधील टोनर ही शाई नसून पूड असते. तीत प्रामुख्याने प्लास्टिकसदृश राळ आणि रंगासाठी काजळीसारखा कार्बन असतो. कण साधारणतः ५ ते १० मायक्रॉनचे असतात व उष्णतेने वितळून कागदावर चिकटतात. बंद कार्ट्रिज हाताळण्यात भय नाही. मात्र ते फोडले की ही पूड हवेत उडते, श्वासावाटे आत जाते आणि खोकला वा दम्याची प्रवृत्ती असलेल्यास त्रास देऊ शकते. उघड्यावर जाळल्यास प्लास्टिकचा विषारी धूर होतो, तो वेगळाच.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला चिंता वाटते ती येथेच. आपण भंगारात दिलेले कार्ट्रिज पुढे कोण फोडतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, ज्या असंघटित उद्योगाचा ई-कचऱ्याची हाताळणी हा एक भाग आहे, त्यात जगभरात १ कोटी ८० लाखांहून अधिक मुले व किशोरवयीन गुंतलेले आहेत. लहान मूल वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक हवा आत घेते. त्याची फुप्फुसे अद्याप वाढत असतात. एका बालकाचा दमा आटोक्यात आणणाऱ्या आपल्या दवाखान्यातून दुसऱ्या बालकाच्या हाती ही पूड जाऊ नये.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. कार्ट्रिज पुन्हा भरण्याजोगे असल्यास अवश्य भरून घ्यावे. मात्र ते काम प्रतीक्षाकक्षात, मुलांसमोर करू देऊ नये.

२. रिकामे कार्ट्रिज मूळ पिशवीत व खोक्यात बंद करून ठेवावे. ते आपटू, फोडू किंवा जाळू नये.

३. पूड सांडल्यास केरसुणी वा साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. ओल्या फडक्याने अलगद टिपावी. हात व कपडे थंड पाण्याने धुवावेत, कारण गरम पाण्याने पूड मऊ होऊन चिकटते.

४. साठलेली कार्ट्रिज उत्पादक कंपनीच्या परतावा योजनेत किंवा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावीत आणि पावती घ्यावी.

आपल्या इंदुरात घरोघरच्या कचऱ्याचे सहा प्रकारांत वर्गीकरण होते व त्यांत ई-कचरा स्वतंत्र असतो. गृहिणी जी शिस्त रोज पाळतात, ती दवाखान्यात पाळणे आपणांस अवघड नाही. एक खोके, त्यावर एक चिठ्ठी आणि ते वेळेवर योग्य हाती सोपवणारा एक जबाबदार सहकारी, एवढीच त्याची सामग्री आहे.